राज्यकर्त्याच्या तोंडचा शब्द : संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासातील एक पान



गेल्या वर्षी आमच्या शाळेतील नववीच्या वर्गाची सहल मुंबईस गेली होती. राणीची बाग झाली, वस्तुसंग्रहालय झाले, गेटवेवर सर्वांचे फोटो काढून झाले. परतीच्या आधी अर्धा तास हाताशी होता, म्हणून मी मुलांना हुतात्मा चौकात नेले. मशाल धरलेल्या कामगार-शेतकऱ्याचा पुतळा पाहून मुले शांत झाली. मी त्यांना २१ नोव्हेंबर १९५५ ची हकीकत थोडक्यात सांगितली आणि बोलण्याच्या ओघात असेही सांगितले की, त्या काळी सत्तेवर असलेली मंडळी ह्या निदर्शकांना 'गुंड' म्हणत असत. तेव्हा मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, "सर, हे जर हुतात्मे, तर मग गुंड कोण होते?"

बसची वेळ झाली होती. "वर्गात सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकाला अशी सवय बरी नव्हे, हे मी जाणतो. त्या मुलीचे उत्तर देणे राहून गेले होते, ते ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने द्यावे असे मनात आले.

प्रश्न वरवर पाहता इतिहासाचा आहे. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. लोकांनी मते देऊन ज्याला खुर्चीवर बसविले, त्याने आपल्याशी मतभेद असलेल्या नागरिकांविषयी कोणत्या भाषेत बोलावे? मते न देणारेही त्याचेच नागरिक, मोर्चा काढणारेही त्याचेच. ह्या गोष्टीचा विसर पडला म्हणजे काय होते, आणि आठवण राहिली म्हणजे काय होते, ह्या दोन्हींचे दाखले पाच वर्षांच्या अवधीत, एकाच राज्यात आणि एकाच पक्षाच्या दोन मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दीत सापडतात. म्हणून संयुक्त महाराष्ट्राचे हे पान मी पुन्हा उघडतो आहे.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक आहे. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरअखेरीस आपला अहवाल दिला. आंध्र, कर्नाटक, केरळ ह्यांना भाषेची राज्ये मिळण्याचा मार्ग मोकळा झाला; मराठी आणि गुजराती माणसांच्या वाट्याला मात्र द्विभाषिक राज्य आले, आणि विदर्भ वेगळा. पुढे काँग्रेसश्रेष्ठींनी त्रिराज्य योजना काढली. महाराष्ट्र निराळा, गुजरात निराळा आणि मुंबई शहर हे तिसरे राज्य. मुंबईवाचून महाराष्ट्र ही कल्पनाच मराठी माणसाला सहन होण्यासारखी नव्हती. गिरणगाव पेटले, गोदी पेटली, मध्यमवर्गही पेटला.

त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजीभाई देसाई. ह्या गृहस्थांविषयी लिहिताना न्यायाने लिहिले पाहिजे. सरकारी नोकरीवर लाथ मारून ते १९३० साली स्वातंत्र्याच्या चळवळीत आले, तुरुंगवास भोगला. त्यांच्या सचोटीविषयी त्यांच्या शत्रूंनीही शंका घेतली नाही. मुंबईविषयीचे त्यांचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते. हे शहर अनेक भाषांच्या, अनेक धर्मांच्या लोकांनी उभे केले आहे, त्या सर्वांना येथे निर्धास्त वाटले पाहिजे, हा मुद्दा विचार करण्यासारखाच होता. त्या मुद्द्यावर वाद घालता आला असता, आणि लोकांनी तो घातलाही असता.

पण २० नोव्हेंबर १९५५ च्या रविवारी चौपाटीवर जी सभा झाली, तीत वाद झाला नाही. मुंबई प्रदेश काँग्रेसचे स. का. पाटील म्हणाले की, आणखी पाच हजार वर्षे गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मोरारजीभाईंनी काँग्रेस जिवंत असेपर्यंत ते घडणार नाही असे सांगितले आणि गुंडगिरीला योग्य तो जबाब मिळेल असे बजावले. सभा उधळली गेली. दगड आले, जोडे आले. हे सांगितलेच पाहिजे, कारण आपल्या बाजूने झालेला आततायीपणा झाकून ठेवणे हा इतिहास नव्हे. दगड मारणाराला शासन व्हावे, ह्यात दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु वाचकांनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. चौपाटीवर दगड मारणारे काहीजण होते, आणि मुंबई महाराष्ट्रात असावी असे म्हणणारे लाखो होते. 'गुंड' हा शब्द ज्या क्षणी पहिल्यांवरून घसरून दुसऱ्यांवर गेला, त्या क्षणी मागणी करणे हाच गुन्हा ठरला. नागरिकाचे म्हणणे काय आहे हा विषय मागे पडला. नागरिक कसला आहे हा विषय पुढे आला. सामान्य माणसाने असा घोटाळा केला तर फार तर भांडण होते. मुख्यमंत्र्याने केला तर?

दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, संप झाला. गिरण्या, कारखाने बंद पडले. विधानसभेवर जाण्यासाठी कामगारांचे लोंढे फ्लोरा फाउंटनकडे निघाले. जमावबंदी होती. लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, आणि मग गोळीबार झाला. त्या एका दिवसात पंधरा माणसे गेली. पुढे १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले, तेव्हा शहरात पुन्हा आगडोंब उसळला. काही ठिकाणी निरपराध लोकांची दुकानेही लुटली गेली, ही आपल्याला मान खाली घालायला लावणारी गोष्ट. आणि पुन्हा दिवसचे दिवस गोळीबार होत राहिला. लढ्यातील हुतात्म्यांचा आकडा लोकांच्या तोंडी १०५ असा बसला, पुढे तो १०६ आणि १०७ असा मोजला गेला.

चौपाटीवरचे भाषण आणि फाउंटनवरची गोळी ह्यांच्यामध्ये एका रात्रीचे अंतर आहे. भाषणाने गोळी सुटली असे मी म्हणत नाही; तसे म्हणणे पुराव्याला धरून होणार नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच की, राज्यकर्त्याचा शब्द ऐकणारे कान अनेक असतात. समोरचा श्रोता तो ऐकतो, तसा बंदुकीवर हात असलेला शिपाईही ऐकतो, कचेरीतला कारकूनही ऐकतो, आणि गल्लीतला कार्यकर्ताही ऐकतो. आपण ज्यांच्यासमोर उभे आहोत ते कोण आहेत, हे त्यांना वरून कळलेले असते. ते नागरिक आहेत असे कळले तर हात एका प्रकारे चालतो, गुंड आहेत असे कळले तर दुसऱ्या प्रकारे. कोणताही लेखी हुकूम निघावा लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, की आचार्य अत्र्यांनी तरी काय कमी जहर ओकले? खरे आहे. 'नवयुग'मधून आणि पुढे १९५६ च्या नोव्हेंबरात निघालेल्या 'मराठा' दैनिकातून अत्र्यांनी मोरारजींना, स. का. पाटलांना आणि यशवंतरावांनाही जे काही सुनावले, ते आज वाचताना हसू येते आणि पुष्कळदा अंगावर काटाही येतो. माझ्या मते त्यातील काही मजकूर लिहिला गेला नसता तर बरे झाले असते. पण दोन्ही पारड्यांत सारखे वजन आहे असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. अत्र्यांच्या शिवीमागे अत्र्यांची लेखणी होती. मुख्यमंत्र्याच्या शब्दामागे पोलिसखाते असते. शिवाय अत्र्यांना सर्वांचे प्रतिनिधित्व करायचे नव्हते, मुख्यमंत्र्याला ते करायचे असते. जो त्याला काळा झेंडा दाखवतो, त्याचेदेखील.

विद्यार्थ्यांसाठी एक घरगुती उदाहरण देतो. माझ्या वर्गात दरवर्षी मतदानाने मॉनिटर निवडला जातो. एका वर्षीच्या मॉनिटरने पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 'बडबड करणारे' म्हणून सात नावे लिहिली. ती वाचून वर्गात खसखस पिकली. सातही जण विरुद्ध उमेदवाराचे मित्र होते. त्यातले दोघे तर त्या तासाला गैरहजर होते! खडू हातात आला की काय होते, हे मला त्या दिवशी नीट कळले.

असो. 'गुंड' म्हटले गेलेल्या त्या जनसमूहात होते तरी कोण? सेनापती बापटांसारखे वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिक होते. एस. एम. जोशींसारखा, हिंसेचे नाव काढू न देणारा समाजवादी होता. आणि डफावर थाप मारून मैदाने जागी करणारे तीन शाहीर होते : अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख. ह्यांतील अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. गरिबीत वाढलेला हा मुसलमान शाहीर मराठी मुलखाचे गाणे गाऊ लागला की माणसे भान विसरत असत. आपल्या मुलांना ही माहिती असावी म्हणून मुद्दाम नोंदवितो. पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते.

आता मतभेदाची दुसरी तऱ्हा पाहा. नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. आपल्या कोकणचे, महाडजवळच्या नाते गावचे, आणि कुलाबा मतदारसंघातून निवडून गेलेले. स्वभावाने अतिशय संयमी. मोर्चे-घोषणांशी त्यांचा संबंध नव्हता. २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत त्यांनी आपल्या राजीनाम्याचे निवेदन केले. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर झाला, हा त्यांचा एक आक्षेप होता. दुसरा आक्षेप गोळीबाराचा. इतकी माणसे मेली आणि तरीही न्यायालयीन चौकशी नाकारली जाते, ह्यात महाराष्ट्राविषयीची आकसबुद्धी दिसते असे त्यांनी पंतप्रधानांच्या समोर सांगितले. मेलेल्या माणसांपैकी दगड मारणारा कोण आणि वाटेने जाणारा कोण, हे चौकशीवाचून कसे कळणार? सर्वांना एकच नाव दिले की चौकशीची गरजच उरत नाही, आणि त्या शब्दाचा सर्वांत मोठा उपयोग हाच असतो. निवडून आलेल्या पुढाऱ्याने रस्त्यावरच्या, आपल्याला अनोळखी अशा माणसांसाठी खुर्ची सोडली. असे प्रसंग आपल्या संसदेच्या इतिहासात फार नाहीत.

पुढच्याच महिन्यात संसदेने महाद्विभाषिक मुंबई राज्य मान्य केले आणि आता पेटण्याची पाळी गुजरातची आली. ८ ऑगस्ट १९५६ रोजी अहमदाबादेत काँग्रेस हाऊससमोर जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, कोवळी मुले मारली गेली. मोरारजीभाई तेथे गेले. लोकांची मने वळविण्यासाठी त्यांनी उपोषण आरंभिले. आणि ज्या अहमदाबादने त्यांना एरवी डोक्यावर घेतले असते, तेथील लोकांनी त्यांच्या सभेच्या वेळी 'जनता कर्फ्यू' पाळला. दारे-खिडक्या लावून माणसे घरात बसली. दगड नाही, घोषणा नाही. ह्यांना गुंड तरी कसे म्हणणार?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे द्विभाषिक राज्य आले, मोरारजीभाई दिल्लीस गेले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. ह्या वेळी महाराष्ट्रात त्यांच्याइतका अप्रिय मराठी माणूस शोधून सापडला नसता. १९५५ च्या डिसेंबरात फलटणच्या सभेत, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू ह्यांत निवड करायची झाल्यास आपण नेहरूंच्या बाजूला राहू असे ते बोलून चुकले होते. इतिहासातील साऱ्या फितुरांची नावे लोकांनी त्यांना बहाल केली होती. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. पुण्यात नानासाहेब गोऱ्यांनी काकासाहेब गाडगिळांना पाडले; ते काकासाहेब, ज्यांनी पक्षात राहून मराठी माणसाची बाजू लोकसभेत हिरिरीने मांडली होती. खुद्द यशवंतराव कराडला थोडक्यात बचावले.

अशा माणसाच्या मनात कडवटपणा साठला असता तर नवल नव्हते. पण त्यांच्या कारभारातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे लोकांचे फारसे लक्ष जात नाही. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी पंडित नेहरू यायचे होते. समितीने काळ्या झेंड्यांची निदर्शने जाहीर केली. देशाचा पंतप्रधान, अरुंद घाटरस्ता, प्रक्षुब्ध जनता, आणि दोन वर्षांपूर्वीच्या रक्ताचे डाग अजून ताजे. बंदी घालणे सरकारच्या हातात होते आणि तिला सबबही उत्तम होती. पण यशवंतरावांनी निदर्शकांना शत्रू ठरविले नाही. समितीच्या पुढाऱ्यांशी बोलणी झाली, निदर्शने कोठे आणि कशी होतील हे ठरले. त्या दिवशी पसरणी घाटात आणि पोलादपूरच्या बाजूस हजारो माणसे काळे झेंडे घेऊन शिस्तीने उभी राहिली. पंतप्रधानांची मोटार त्यांच्या देखत गेली. अनावरण झाले, घोषणाही झाल्या, आणि कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. श्रेय एस. एम. जोशी, अत्रे आदी नेत्यांचे तर आहेच. पण समोरचा माणूस बोलण्यालायक आहे असे सरकारने आधी मानले, म्हणून त्या नेत्यांना आपल्या लोकांना आवरता आले. फाउंटनला हे का जमले नाही? माणसे तीच होती, मागणी तीच होती.

घाटात उभ्या असलेल्या माणसांनी जे सांगितले, ते शेवटी दिल्लीलाही ऐकावे लागले. यशवंतरावांनी द्विभाषिक राज्य प्रामाणिकपणे चालवून पाहिले आणि ते लोकांच्या गळी उतरत नाही हे श्रेष्ठींपर्यंत पोचविले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

त्याच्या थोडे आधीची आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. ज्येष्ठ संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी जाहीरपणे असा प्रश्न केला होता की, येणारे राज्य मराठी होणार की मराठा? प्रश्न बोचरा होता. होऊ घातलेल्या मुख्यमंत्र्याच्या जातीलाच त्याने हात घातला होता. 'राज्याच्या मंगल कार्यात अपशकुन करणारा' असे म्हणून प्रश्नकर्त्याला उडवून लावणे सोपे होते, टाळ्याही पडल्या असत्या. १९६० च्या जानेवारीत सांगलीच्या सभेत यशवंतरावांनी त्या प्रश्नाला प्रश्न म्हणूनच उत्तर दिले, की हे राज्य मराठी भाषा बोलणाऱ्या सर्वांचे होईल. माडखोलकरांच्या मनात जी शंका होती, तीच अनेक लहान समाजांच्याही मनात असणार. उत्तर एकाला मिळाले, दिलासा पुष्कळांना. आपल्या कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, घरी-दारी मराठी बोलणाऱ्या मुसलमानाचीही त्या उत्तरात जागा होती. ती जागा आपण किती भरली, आणि किती भरू दिली गेली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

यशवंतरावांचा पुतळा करून त्याला हार घालण्याचा माझा हेतू नाही. २६ जून १९७५ च्या पहाटे आणीबाणीत मोरारजीभाईंना अटक झाली, तेव्हा यशवंतराव केंद्रीय मंत्रिमंडळात होते आणि तेथेच राहिले. ७९ वर्षांचे मोरारजीभाई जवळजवळ १९ महिने स्थानबद्ध होते. आता देशाच्या स्थैर्याला धोका असलेले लोक म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखविले जात होते, त्यांत तेही होते. चौपाटीवरचा तो रविवार त्यांना त्या एकांतात आठवला असेल काय, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. १९७७ च्या मार्चमध्ये ते पंतप्रधान झाले, आणि लोकसभेत त्यांच्यासमोर विरोधी पक्षनेते म्हणून बसले ते यशवंतराव चव्हाण.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी थोडे घरचे सांगावे लागेल, त्याबद्दल वाचक क्षमा करतील.

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, त्या काळी मुंबईस गोदीत कामाला होते. वय विशीच्या आतबाहेर. २१ नोव्हेंबरला संपामुळे काम बंद होते आणि खोलीवरच्या इतर गाववाल्यांबरोबर तेही फाउंटनला गेले. अश्रुधूर सुटला तशी पळापळ झाली. एका चपलेनिशी ते भायखळ्यापर्यंत चालत आले. त्यांनी दगड मारला नव्हता. पुढे काय बोलले जात होते हे नीट ऐकूही आले नव्हते, असे ते सांगत.

दहा-बारा दिवसांनी गावाहून पणजोबांचे पत्र आले. त्यांना लिहिता येत नसे. मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडून त्यांनी ते लिहवून घेतले होते. गावात कोणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखविले होते, की मुंबईत गुंडांनी दंगा केला आणि सरकारने त्यांना गोळ्या घातल्या. पत्रात खुशाली होती, भाताच्या झोडणीचे लिहिले होते, धाकट्या बहिणीच्या लग्नाचे लिहिले होते. आणि शेवटी एवढेच विचारले होते : तू त्या लोकांत नव्हतास ना?

दादांनी उलट टपाली कार्ड टाकले. त्यात लिहिले, की त्या दिवशी मी कामावर होतो.

पणजोबा १९५९ साली वारले. खरे काय ते दादांनी त्यांना शेवटपर्यंत सांगितले नाही. मला सांगितले, तेव्हा मी बी. एड.ला होतो.